‘येशूच्या नावाने’ की ‘येशूच्या नावात’?

एका वाचकाची पृच्छा अशी आहे : त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) वडीलधारी माणसे प्रार्थनेच्या शेवटी ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ असे म्हणतात, तर तरुण मुले ‘येशूच्या नावात मागतो’ असे म्हणू लागली आहेत. यांपैकी शुद्ध कोणते, आणि हे शब्द उच्चारले नाहीत तर प्रार्थना अपुरी राहते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नावाने’ असे आहे. ‘नावात’ हे रूप व्याकरणाला सोडून नाही; पण मराठीत नावात असते ते अक्षर, नावात असतो तो गोडवा किंवा दबदबा. मागणे, देणे, शपथ घेणे, दवंडी पिटणे या क्रिया नावात होत नाहीत, त्या नावाने होतात. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळताना ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ अशीच गर्जना होते, आणि क्रूसाची खूण करतानाही आपण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानेच ती करतो. ‘नावात’ हे इंग्रजी आणि हिंदी कोरसांच्या, म्हणजे उपासनेतील छोट्या गीतांच्या, मागोमाग आलेले दिसते.

यावर ‘बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये तर “आत” या अर्थाचेच अव्यय आहे’ असा आक्षेप घेतला जातो. ते खरे आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात ‘एन’ हे अव्यय दोनदा येते : एकदा ‘माझ्या नावा’बरोबर आणि एकदा ‘पुत्रा’बरोबर. प्रचलित मराठी भाषांतरात पहिल्या ठिकाणी ‘माझ्या नावाने’ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ‘पुत्राच्या ठायी’ आहे. एकाच वचनात एकाच अव्ययाला दोन पर्याय योजणाऱ्या भाषांतरकारांना ‘आत’ हा अर्थ ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. त्यासाठी त्यांच्याकडे ‘ठायी’ हा संतवाङ्मयातून आलेला नेमका शब्द तयार होता, आणि तो त्यांनी नावाच्या बाबतीत वापरला नाही. शिवाय या ग्रीक प्रयोगामागे इब्री (हिब्रू) भाषेतील ‘बे’ हे अव्यय आहे, आणि त्यात ‘आत’ व ‘च्या योगे’ हे दोन्ही अर्थ सामावतात. तृतीयेचा ‘ने’ हा त्यांतील दुसरा अर्थ बरोबर पकडतो.

आता खरा मुद्दा अर्थाचा आहे. नावाने मागणारा मुखत्यारासारखा असतो : ज्याने अधिकार दिला त्याच्या वतीने त्याला बोलता येते, पण त्याच्या इच्छेबाहेरचा व्यवहार त्याला करता येत नाही. त्यामुळे ‘येशूच्या नावाने’ हे शब्द अर्जावर मारायचा शिक्का नव्हेत. जे स्वतः येशू पित्याजवळ मागेल तेच मी मागत आहे, असा त्यात कबुलीजबाब आहे. आणि क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत काय मागितले हे आपल्याला माहीत आहे. दुःखाचा प्याला टळावा ही इच्छा त्याने लपवली नाही, पण माझ्या इच्छेप्रमाणे नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणून ती पित्याच्या हाती सोपवली.

येथे मराठीचा आणखी एक प्रयोग उपयोगी पडतो, तो म्हणजे ‘नावाखाली’. मंडळाच्या नावाने वर्गणी गोळा केली असे म्हटले तर त्यात वावगे काही नाही. मंडळाच्या नावाखाली गोळा केली म्हटले की पैसा कोणाच्या खिशात गेला हे ऐकणाऱ्याला कळते. हेतूतला फरक दाखवायला आपल्या भाषेला दोन अक्षरे पुरतात. याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात, तुम्ही मागता पण मिळत नाही, कारण आपल्या चैनीवर खर्च करता यावे म्हणून मागता, असे जे खडसावले आहे, ते नावाने मागण्याचे सोंग करून नावाखाली मागणाऱ्यांनाच होय. बढती, बंगला, शेजाऱ्याची जिरावी ही इच्छा, यांपुढे ‘येशूच्या नावाने’ जोडले तरी ती प्रार्थना नावाखालचीच राहते. (बढती मागूच नये असा याचा अर्थ नाही. ती कशासाठी हवी आहे, हे मागणाऱ्याला पुरते ठाऊक असते.)

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण आहे. इफिस येथे स्किवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे ‘ज्या येशूची पौल घोषणा करतो त्याची शपथ’ असे म्हणून भूत काढू पाहतात. शब्द तर अचूक होते. तरीही येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण, असे म्हणून त्या भूतग्रस्ताने त्यांच्यावर झडप घातली आणि ते उघडेनागडे, घायाळ होऊन पळाले. या प्रसंगातला विनोद या पुस्तकाचा लेखक लूक याने मुद्दाम राखला असावा, असे मला नेहमी वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच येते. येशूने शिकवलेल्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रार्थनेत हे शब्द मुळीच नाहीत, म्हणून ती कोणी अपुरी मानत नाही. उपासनाविधीतील अनेक प्रार्थना ‘आमचा प्रभू ख्रिस्त याच्या द्वारे’ असा शेवट करतात. ‘द्वारे’ आणि ‘नावाने’ यांत मध्यस्थाची जाणीव एकच आहे. तेव्हा शब्द राहून गेले म्हणून कोणाची प्रार्थना मध्येच दुरुस्त करू नये, आणि ‘नावात’ म्हणणाऱ्या मुलालाही आमेननंतरच, एकटा गाठून सांगावे.

जुन्या गीतपुस्तकांत व बायबलात ‘नांवानें’ असे छापलेले आढळते. तो 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचा अनुच्चारित अनुस्वार आहे, आज लिहिताना ‘नावाने’ एवढेच लिहावे.