दत्तकाचा कायदा बदललाय, तर आता नोंदणी करावी का थांबावं?

तुम्ही विचारलंय की तुमचं वय 40, मिस्टरांचं 43, पहिलंच मूल, 2022 मध्ये कायदा बदलला म्हणतात, आता दत्तकाची ऑर्डर कोर्ट देतं का कलेक्टर, आणि हे नीट कळेपर्यंत थांबावं का. अजिबात थांबू नका, ह्याच आठवड्यात काराच्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर नोंदणी करा.

कोर्ट का कलेक्टर हे सगळेच विचारतात, पण तो अगदी शेवटचा टप्पा आहे, तोवर बाळ प्री-अडॉप्शन फोस्टर केअर म्हणून, म्हणजे ऑर्डर व्हायच्या आधी सांभाळायला, तुमच्या घरी आलेलं असतं. 1 सप्टेंबर 2022 पासून दुरुस्तीने तो अधिकार कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, मग जानेवारी 2023 ला मुंबई हायकोर्टाने अंतरिम आदेश दिला की कोर्टातल्या केसेस कोर्टातच चालू द्या. तेव्हा ज्यांची फाइल मध्येच होती त्या आईबापांचं मला फार वाईट वाटायचं, बाळ मांडीवर खेळतंय आणि हातात ऑर्डर नाही म्हणून त्यांच्या नावाचा जन्मदाखला नाही. ऑर्डरसाठी अर्ज कुठे करायचा ते बाळ देणारी दत्तक एजन्सीच बघते, त्याची काळजी तुम्ही करू नका.

तुम्हाला खरा फटका बसेल तो वयाचा. सप्टेंबर 2022 च्या नव्या नियमांत 2 वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवराबायकोच्या वयाची बेरीज 85 च्या आत लागते, आधी 4 वर्षांपर्यंतच्या मुलाला 90 चालायची. तुमची आज 83 आहे. वर्ष एक सरलं तरी बेरीज दोनने वाढते हे लोकांच्या लक्षातच येत नाही!! आणि वय नोंदणीच्या तारखेचं धरतात, म्हणून घाई करा म्हणतेय.

नियम मध्येच बदलले तर रांगेतल्यांनाही लागतात हेही डोक्यात ठेवा. आधी घरात दोन मुलं असली तरी तिसरं निरोगी लहान बाळ दत्तक घेता यायचं, 2022 ला ते बंद झालं, आणि आधीपासून वाट बघत असलेली जोडपी दिल्ली हायकोर्टात गेली तर 2024 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला, हवं तेच मूल मागण्याचा हक्क कुणाला नाही असं कोर्ट म्हणालं. आईबाप म्हणून ते वाचताना पोटात तुटतं पण कायदा मुलाच्या बाजूने बघतो आणि ते मला पटतं.

लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं सहज जातात. मनापासून तयारी असेल तर 2 ते 4 ह्या गटाचा विचार कराच, आमची लेक त्याच वयात घरी आली, काही दिवस कोपऱ्यात बसून राहायची मग हळूहळू रुळली.

आणि वाट बघून कंटाळलात की कुणीतरी म्हणेल अमक्या दवाखान्यातून थेट बाळ मिळतं, पैसे द्या. कितीही ओळखीचा माणूस असू दे, नाही म्हणा, मुलाची खरेदीविक्री म्हणजे 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि बाळ घरातून काढून नेतात ते वेगळंच. काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर फॉर्म आपला आपल्याला भरता येतो, एजंट लागत नाही.