6 लाख 40 हजारांची साउंड सिस्टीम घ्यावी का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्निंगचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 51, मुलगी अकरावीला, पुढे तिला इंजिनिअरिंगला घालायचंय. बँकेत 11 लाखांची ठेव आहे आणि वर्कशॉपच्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं कर्ज उचलायच्या) खात्यावर साधारण 4 लाख कायम उचललेले असतात. गेली तीस वर्षं रोज रात्री दोन तास शास्त्रीय गाणं ऐकतात. पुण्यात एका दुकानात त्यांनी एक संच ऐकला. स्पीकर 3 लाख, अँप्लिफायर 1 लाख 90 हजार, डॅक 80 हजार, केबल आणि स्टँड 70 हजार. ‘देवल क्लबात पहिल्या रांगेत बसल्यासारखं वाटलं,’ असं ते लिहितात. ‘दुकानदार 24 महिन्यांचे बिनव्याजी हप्ते देतोय. घरचे म्हणतात, डोकं फिरलंय. घेऊ का?’

तुमचं डोकं अजिबात फिरलेलं नाही. रोज दोन तास वापरात येणारी वस्तू घरात दुसरी कुठली आहे? अल्लादियाखाँसाहेबांसारखे थोर गवई ज्या गावात राहिले, तिथल्या माणसानं चांगलं ऐकायला पैसे घातले तर मला ते पटतं. मात्र 6 लाख 40 हजार घालू नका. 2 लाखांत बसवा.

2 लाखच का, ते तुमच्याच आकड्यांतून निघतं. 11 लाखांतले 6 लाख मुलीचे समजा, त्यांना हात लावायचा नाही. 3 लाख अडीअडचणीला. उरले 2. आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण मला राहवत नाही. सीसीला तुम्ही 11 टक्के व्याज भरताय आणि ठेवीवर 7 टक्के घेताय. अडीअडचणीचे 3 लाख सीसी खात्यात भरून ठेवा. वर्षाला साधारण 12 हजार वाचतील आणि गरज पडली तर त्याच मर्यादेतून पैसे परत काढता येतील. ठेव मोडायला दंड किती आणि नूतनीकरणाला सीसीची मर्यादा कमी होणार नाही ना, एवढं आधी मॅनेजरना विचारून घ्या.

बिनव्याजी हप्त्याचं म्हणाल, तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: रोख दिले तर किती कमी कराल? त्यानं 30 हजार कमी केले तर तेच तुमचं व्याज. शून्य टक्क्यांच्या अशा योजनांत खरा खर्च लपवला जातो, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं.

आता संचाकडे वळू. आवाजात खरा फरक पाडतात ते स्पीकर आणि खोली. अँप्लिफायर तुमच्या स्पीकरला पुरेसा असला आणि धड बनवलेला असला की झालं. डॅक म्हणजे डिजिटल आकड्यांचा विजेचा सिग्नल करणारी डबी. माणसाचा कान जास्तीत जास्त 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि तेवढं काम 12 हजारांची डबीही चोख करते. केबल तांब्याची, पुरेशा जाडीची घ्या, 3 हजारांत होईल. तुम्ही वर्कशॉपवाले आहात, किती करंटला केवढी जाड तार लागते हे मी तुम्हाला काय सांगणार!

आणि तुम्ही ऐकता काय? गायिका केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या, असं तुम्हीच लिहिलंय. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं, वरचे बारीक स्वर मुळात पुरते टिपलेच गेले नाहीत. तबकडीत जे उतरलंच नाही, ते 80 हजारांचा डॅक कुठून आणणार?

दुकानातली ती खोली ऐकण्यासाठीच सजवलेली असते, तुमच्या हॉलला मात्र टाइल्स आणि उघड्या भिंती आहेत. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागोमाग पत्र्यासारखी झिणझिण आली तर कितीही महागडा स्पीकर तिथे कर्कश्श वाजेल. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत असंच व्हायचं. मागच्या भिंतीला दोन जाड वाकळा टांगल्या, खाली जाजम अंथरलं, स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढले. त्या रात्री वर्षानुवर्षं ऐकलेल्या बंदिशीचे शब्द मला पहिल्यांदा नीट कळले.

म्हणून माझी वाटणी अशी: स्पीकर 1 लाख 20 हजार, अँप्लिफायर 45 हजार, डॅक 12 हजार, केबल 3 हजार आणि खोलीसाठी 20 हजार. खोलीचं काम आधी करा, सध्याचे स्पीकर महिनाभर तिथे ऐका, मगच दुकानात जा. जाताना रोजच्या ऐकण्यातलं गाणं सोबत न्या आणि तो महागडा आणि हा स्वस्तातला, दोन्ही संच सारख्याच आवाजावर लावायला सांगा. किंचित मोठा वाजणारा संच कानाला नेहमी सरस वाटतो, आणि बरेचसे सौदे तिथेच ठरतात.

या सगळ्याच्या आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात काढल्यावर साधारण 3 ते 6 हजार हर्ट्झचा पट्टा सगळ्यात आधी बोथट होतो. गेलेलं ऐकणं कुठल्याही किमतीचा स्पीकर परत देत नाही, उरलेलं मात्र राखता येतं. वर्कशॉपमध्ये उद्यापासून इअरप्लग घाला, तुम्हीही आणि तुमच्याकडची पोरंही.