गळती नेमकी कुणाची?

प्रश्न : डोंबिवलीत सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपासून बेडरूमच्या छताला ओल आहे, भिंतीतलं कपाट फुगून दारं लागत नाहीत. वरचे मालक बंगळूरला असतात, घरात भाडेकरू. मालक म्हणतात, सोसायटीचा पाइप गळतोय. सेक्रेटरी म्हणतात, तुम्ही दोघं बघून घ्या. विमा कंपनीनेही क्लेम नाकारला. भरपाई कुणाकडे मागू? – एक वाचक

उत्तर : आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. विम्याचा सर्व्हेअर म्हणून बावीस वर्षं लोकांची ओली छतं बघितली. निम्मी भांडणं हे न शोधताच सुरू झालेली असायची.

गणपतीला वरचे भाडेकरू गावी गेले होते का? त्या आठ दिवसांत डाग वाळला असेल, तर संशय बाथरूमच्या वापरावर. घर बंद असूनही ओल तशीच राहिली, तर भिंतीतली प्रेशरची, म्हणजे सतत पाणी भरलेली नळाची लाइन बघा. फक्त पावसाळ्यातच वाढत असेल, तर बाहेरची भिंत किंवा पाइप जातात ती डक्ट. खात्रीसाठी भाडेकरूंना विनंती करून नहाणीच्या ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, फडक्याचा बोळा लावा, दोन इंच पाणी साठवा, त्यात कपड्यांची नीळ कालवा आणि दिवसभर राहू द्या. तुमच्या छताला निळसर झाक आली की मालकांना फोटो पाठवायचा. नाही आली तरी लगेच त्यांना निर्दोष ठरवू नका. फरशीखालच्या कोब्यातून रंग गाळून येतो, कधी येतच नाही.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, बाहेरच्या सामायिक पाइपांची, ड्रेनेज लाइनची आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. दुरुस्ती निधी त्यासाठीच असतो, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के. वरच्या फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची गळती मात्र त्या सभासदाची. भाडेकरू राहतो म्हणून मालक सुटत नाही. पण सेक्रेटरींनाही 'बघून घ्या' म्हणता येत नाही. आगाऊ कळवून, कमिटीच्या एका सदस्यासह वरच्या फ्लॅटची पाहणी करायचा त्यांना अधिकार आहे. तशी मागणी लेखी करा आणि पोच घ्या. मालकांनाही तारखेचं पत्र पाठवा. कळूनही त्यांनी काही केलं नाही, हे कपाटाची भरपाई मागताना तेच पत्र दाखवतं. तरीही नाही ऐकलं, तर सहकार न्यायालय. दुरुस्ती आणि गळतीचे वाद तिथेच जातात.

आता विमा. घरांसाठी २०२१पासून असलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पाइप किंवा टाकी फुटून, भरून वाहून झालेलं नुकसान धरलेलं आहे. हळूहळू झालेली झीज त्यात नाही. तुम्हीही क्लेम फॉर्मवर 'दोन वर्षांपासून ओल' असं लिहिलं असणार. खोटं लिहायला हवं होतं असं नाही. ही पॉलिसी या दुखण्यासाठी नव्हतीच. सोसायटीला इमारतीचा आग-भूकंपाचा विमा सक्तीचा आहे, पण तो इमारतीचा, तुमच्या कपाटाचा नाही. वरच्या मालकांचा मूळ विमाही त्यांच्याच घरापुरता. दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी वेगळी घ्यावी लागते, आणि ती घेतलेले मालक मला फार थोडे भेटले.

तोवर छत रंगवू नका. नीळ दिसायला जुनाच चुना बरा.