वाचकांचे प्रश्न : कास्टिंगवरचा कोड कोणत्या लेडलपर्यंत पोहोचवतो?

प्रश्न : शिरोली येथे आमची लहान फाउंड्री असून आम्ही वाहनांसाठी एसजी आयर्नचे (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या ओतीव लोखंडाचे) ब्रॅकेट ओततो. पॅटर्नमधील (वाळूचा साचा घडवणाऱ्या नमुन्यातील) बदलत्या इन्सर्टमुळे कास्टिंगवर, म्हणजे ओतीव नगावर, महिना आणि वर्ष उमटते, परंतु आता ग्राहकाने प्रत्येक नगावर डेटा मॅट्रिक्स कोड (ठिपक्यांचा चौकोनी कोड) मागितला आहे. डॉट पीन यंत्राने (सुईने ठिपके ठोकणाऱ्या यंत्राने) मारलेला कोड शॉट ब्लास्टिंगनंतर (धातूच्या गोळ्यांचा मारा करून केलेल्या सफाईनंतर) वाचता येत नाही. लेझर यंत्र घ्यावे का, आणि कोडमध्ये काय भरावे?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण यंत्राचा निर्णय त्यानंतर सोपा होतो. एसजी आयर्नमध्ये ग्रॅफाइट गोलाकार राहते ते मॅग्नेशियममुळे, आणि ते वितळलेल्या धातूत मिसळण्याची प्रक्रिया झाल्यापासून मॅग्नेशियमचा प्रभाव मिनिटामिनिटाला ओसरत जातो. त्यामुळे एकाच हीटमधील (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूतील) पहिल्या आणि शेवटच्या लेडलचे (धातू ओतण्याच्या पात्राचे) कास्टिंग दिसायला सारखे असले, तरी ताकदीला सारखे असेलच असे नाही. समजा, आपण दिवसाला ४०० नग ओतता आणि एका ब्रॅकेटमध्ये दोष सापडला. नगावर फक्त महिना असेल, तर २५ दिवसांचे १०,००० नग संशयाखाली येतात. लेडल क्रमांक असेल, तर त्या लेडलमधून ओतलेले तीस-चाळीस नग बाजूला काढून भागते. म्हणून कोडमध्ये भाग क्रमांक, त्याची सुधारित आवृत्ती, ओतल्याची तारीख, हीट व लेडल क्रमांक आणि नगाचा अनुक्रमांक एवढेच भरावे. स्पेक्ट्रोचा (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राचा) अहवाल, ओतण्याचे तापमान, प्रक्रियेपासून शेवटचा साचा ओतेपर्यंतचा वेळ ही माहिती नोंदींमध्ये ठेवावी.

आवृत्तीचा आग्रह मी मुद्दाम धरतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांतील सदोष इग्निशन स्विचच्या (किल्लीने गाडी चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) रचनेत २००६ मध्ये बदल मंजूर झाला, पण भाग क्रमांक जुनाच राहिला. त्यामुळे दोष शोधणाऱ्यांची वर्षानुवर्षे दिशाभूल झाली. आणि २०१४ मध्ये गाड्या परत बोलावताना, जुने स्विच सुट्या भागांच्या साठ्यातून नव्या गाड्यांतही बसले असण्याची शक्यता असल्याने त्याही बोलवाव्या लागल्या. या दोषासाठी परत बोलावलेल्या गाड्यांची एकूण संख्या सुमारे २६ लाखांवर गेली. या दोषाने माणसे दगावली आहेत, हे आपल्यासारख्या भाग बनवणाऱ्यांनी कधीही विसरू नये.

आता खरी अडचण. नॉकआउटनंतर (साचा फोडून नग बाहेर काढल्यावर) कास्टिंग ढिगात पडले, की ते कोणत्या लेडलचे हे कोणालाच सांगता येत नाही. एका कारखान्यात मी पाहिले, की कोड मारणारा कामगार समोरच्या फळ्यावर लिहिलेला हीट क्रमांक यंत्रात भरत होता, आणि त्याच्या हातातले नग मात्र आदल्या पाळीचे होते. कोड सुबक होता, स्कॅनरवर वाचला जात होता आणि चुकीचा होता. हे टाळायचे असेल, तर लेडलची खूण साच्यातच उमटली पाहिजे. साचे बंद करण्यापूर्वी, ते ज्या लेडलसाठी नेमले असतील तिचा क्रमांक ठशाने वाळूत दाबावा आणि ओतताना तो क्रम मोडू देऊ नये. या ठशाच्या तोंडावरची अक्षरे सरळ वाचता येणारी हवीत. नेहमीच्या पोलादी पंचाने वाळूत दाबलेली अक्षरे कास्टिंगवर उलटी येतात. पुढे कोड मारताना कामगाराने नगावरचा हाच क्रमांक पाहून यंत्रात भरावा.

डॉट पीनचा कोड वाचता येत नाही, याचे कारण बहुधा यंत्रात नसून कामाच्या क्रमात आहे. ब्लास्टिंगचे शॉट ठिपक्यांच्या कडा ठोकून बुजवतात, म्हणून फेटलिंग (जादा धातू काढून घासणे) आणि ब्लास्टिंग पुरे झाल्यावरच कोड मारावा. खडबडीत पृष्ठभागावर ठिपक्याची सावली आणि पृष्ठभागाचा खड्डा स्कॅनरला सारखेच दिसतात. तेव्हा पॅटर्नवर छोटा उंचवटा देऊन तो घासून सपाट करून घ्यावा. कोडच्या दोन बाजूंची सलग एल आकाराची कड स्कॅनरला जागा दाखवते. आतले काही ठिपके बिघडले तरी त्रुटी-दुरुस्तीमुळे माहिती परत मिळते, पण ही कड तुटली तर कोड सापडतच नाही. गोलाईच्या कोपऱ्यात किंवा जास्त ताण येणाऱ्या जागी खूण नको, कारण तिथून थकव्याची (वारंवार ताण येऊन पडणारी) चीर सुरू होऊ शकते. जागा ग्राहकाकडून ड्रॉइंगवर मंजूर करून घ्यावी. लेझर वेगवान आणि स्वच्छ असला, तरी त्याची उथळ खूण रंगाखाली झाकली जाते आणि खोल खूण करायला वेळ लागतो. आहे त्या यंत्रावर क्रम बदलून आधी शंभर नग करून पाहावेत, आणि ते मोबाइलवर न वाचता थेट भागावरच्या खुणांसाठी असलेल्या आयएसओ २९१५८ मानकाप्रमाणे प्रतवारी देणाऱ्या तपासणी यंत्रावर वाचावेत.

प्रश्न : आमच्या मशिन शॉपमध्ये बिनवर (सुटे भाग ठेवण्याच्या पेट्यांवर) लावलेली लेबले महिन्याभरात पुसट होतात, भाग धुण्याच्या वॉशिंग मशिनजवळची तर काळी पडतात. काय करावे? (अंबड, नाशिक)

उत्तर : आपण थेट उष्णतेने छापली जाणारी लेबले वापरत असावात. त्यांचा कागदच उष्णतेने काळा होतो आणि तेल किंवा उन्हाने फिका पडतो. पॉलिएस्टर लेबल आणि रेझिन रिबन वापरून थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर (रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरवणाऱ्या प्रिंटरवर) छपाई करावी, आणि चिकटवण्यापूर्वी बिनची जागा तेलरहित करावी. याहून महत्त्वाचे म्हणजे, अर्धे भरलेले बिन दुसऱ्या लॉटच्या (वेगळ्या खेपेच्या) मालाने पुरे करू नये. उरलेले बारा नग असले तरी त्यांना वेगळे बिन आणि स्वतःचे लेबल द्यावे.