साठातले एक्कावन्न दिवस गेले

प्रश्न : गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात आमचं गाव. आजोबांच्या काळापासून डोंगरउतारावर आमची काजूची बागायत आहे, पण एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव सरकारचं. ग्रामसभेने आमचा वनहक्काचा दावा मान्य केला. उपविभागीय समितीने मात्र ‘कागदोपत्री पुरावा नाही, जमीन सरकारी वन’ असं लिहून नाकारला. आता व्याघ्र प्रकल्प येणार म्हणतात. ‘पैसे घ्या आणि स्वखुशीने जातो असं लिहून द्या’ असं सांगणारेही घरी येऊन गेले. आम्हाला काढतील का? सही करावी का?
— सत्तरीतील एक वाचक

उत्तर : तुमच्या चार पानांच्या पत्रात अडीच पानं वाघावर आहेत. ज्यावर तुमचं सगळं ठरणार, ती नकाराच्या पत्राची तारीख शेवटच्या पानावर कंसात आहे. ते पत्र चतुर्थीच्या आधी तुमच्या हाती आलं आणि फडताळात गेलं. ‘दिवाळी झाली की वकिलाकडे जाऊ’ असं तुम्ही लिहिता. मी हे लिहायला बसलो तो एक्कावन्नावा दिवस आहे. दिवाळीनंतर येऊ नका, उद्या या. माझ्याकडे नाही तर वाळपईतल्या कुठल्याही वकिलाकडे जा, पण उद्याच जा.

उपविभागीय समितीचा नकार म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. तिच्यावर जिल्हास्तरीय समिती आहे आणि तिच्याकडे दाद मागायला साठ दिवस मिळतात. वनहक्क कायद्याखालच्या नियमांतल्या नियम १२-अ प्रमाणे निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवावा लागतो. तुमचं पत्र पंचायतीत ठेवून गेले आणि पंचाने ते काही दिवसांनी दिलं, म्हणजे मुदत नेमकी कधी सुरू झाली यावर भांडता येईल. समिती स्वतःच्या अखत्यारीत आणखी तीस दिवसही देऊ शकते. पण या दोन्ही गोष्टी बुडत्याच्या काडीसारख्या आहेत. त्यांच्या भरवशावर बसू नका. पत्र हाती आलं त्या दिवसापासून साठ मोजा आणि त्याच्या आत अर्ज द्या.

अर्जात काय म्हणायचं ते तुमच्या नकारपत्रातच आहे. ‘जमीन सरकारी वन’ हे कारणच होऊ शकत नाही. २००६ चा वनहक्क कायदा वनजमिनीसाठीच आहे. एक-चौदावर तुमचं नाव असतं तर हा दावा करायची गरजच काय होती? आणि ‘कागद नाही’ याचं उत्तरही १२-अ मध्येच आहे : विशिष्ट प्रकारच्या कागदाचाच आग्रह समितीला धरता येत नाही, नाकारायचं तर सविस्तर कारणं द्यावी लागतात, आणि ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर तो फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो. तुमच्या पत्रात कारणाची एकच ओळ आहे. तुमची सगळी लढाई त्या एका ओळीशी आहे.

आता पुरावा. तुम्ही सहज लिहून गेलात की बागायतीत कातळात खोदलेली जुनी कोळमी आहे, म्हणजे बोंडू (काजूची फळं) पायांनी मळायची कुंडी, आणि तिच्या कडा पायांनी गुळगुळीत झाल्या आहेत. अहो, हाच पुरावा! नियम १३ मध्ये घर, बांध, जमिनीची सपाटी, कायमस्वरूपी केलेली कामं हे सगळं पुराव्यात धरलं आहे. कोळमीचे, चिऱ्याच्या जोत्याचे, बांधाचे फोटो काढा. शेजारी माणूस उभा करा, म्हणजे माप कळेल. काजूच्या भट्टीचा अबकारी परवाना घरच्या कुणाच्या नावावर निघाला असेल, जुनी घरपट्टीची पावती असेल, पोर्तुगीज काळातला मात्रीजचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, कागद असेल, तर पेटाऱ्यातून बाहेर काढा. एकाहून अधिक पुरावे हवेत, एकावर थांबू नका.

आणि तुमची आते. शहाऐंशी वर्षांची आहे आणि कुठलं झाड कुणी लावलं ते बोट दाखवून सांगते, असं तुम्ही लिहिता. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब कायद्याला चालतो. मग तो इतकी वर्षं का घेतला नाहीत? जागेची पाहणी झाली तेव्हा तुम्ही मुंबईला होता आणि घरच्या कुणालाही हजर राहायला सांगितलं नव्हतंत. त्या दिवशी आते कोळमीपाशी उभी असती तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत : तुमचा समाज. गावडा, कुणबी, वेळीप असाल तर २००३ पासून अनुसूचित जमातीत आहात आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरे. धनगर-गवळी असाल तर त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचं, वनातलं वास्तव्य दाखवावं लागेल. ते अवघड आहे, अशक्य नाही. माझ्या समजुतीने ही वर्षं वास्तव्याची मोजायची, त्याच एका तुकड्याच्या कसणुकीची नव्हे, पण समिती वेगळं म्हणू शकते.

सही करू नका. वन्यजीव कायद्याच्या ३८-व्ही कलमाप्रमाणे व्याघ्र क्षेत्रातून माणसं हलवायची तर आधी त्यांचे हक्क ठरवून पूर्ण झाले पाहिजेत, आणि ग्रामसभेची संमती पाहिजे. दाव्याची पडताळणी संपेपर्यंत हुसकावता येत नाही, हे वनहक्क कायद्याचं कलम ४(५) सांगतं. अर्ज चालू असताना ‘स्वखुशीने’ लिहून दिलंत तर हे संरक्षण तुम्हीच हातातून सोडाल.

व्याघ्र प्रकल्प केव्हा, किती क्षेत्रात, कुठल्या टप्प्याने, यावर मी भाकीत करणार नाही. २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत अधिसूचना काढायला सांगितलं, राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच निकालात वनवासींचे हक्क ठरवायलाही सांगितलं होतं. म्हादई अभयारण्य १९९९ चं. हक्कनिश्चिती जिल्हाधिकाऱ्याने दोन वर्षांत संपवावी असं वन्यजीव कायदा म्हणतो, आणि चोवीस वर्षांनी न्यायालयाला तेच पुन्हा सांगावं लागलं. या दिरंगाईने माणूस आणि वाघ दोघांचंही वाईट केलं. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली, तेव्हा मला झोप आली नव्हती. वाघ्रोचा, म्हणजे वाघदेवाचा, पाषाण पुजणाऱ्या सत्तरीत हे व्हावं! आपली जमीन आपली राहील याची खात्री असती तर रान आणि गाव एकमेकांकडे इतक्या संशयाने पाहत राहिले नसते, असं मी मनापासून मानतो.

पत्रात तुमच्या गावच्या राईचा उल्लेख आहे, म्हणून सांगतो. देवराई, देवाची झाडं, तळी, स्मशान हे सामूहिक दाव्यात पुरावा म्हणून चालतात. सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राई पाहिली असेल तर कळेल, लोकांनी कोयता लावला नाही म्हणून ती उभी आहे. हा दावा ग्रामसभेने करायचा. तुमच्या अर्जात तो मिसळू नका. गव्यांनी केलेल्या नासधुशीच्या भरपाईचंही तसंच, ते वेगळं प्रकरण आहे.

अर्ज जिल्हास्तरीय समितीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा. सोबत नकारपत्राची प्रत, ग्रामसभेचा ठराव, फोटो आणि आतेचा जबाब जोडा. जबाब उद्याच घ्या, तिच्या शब्दांत, तिची सही किंवा अंगठा घेऊन, दोन साक्षीदारांसमोर. पणजीला स्वतः जा. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नका.