आजी नव्वदीत आहे. तिच्या आयुष्यातलं नेमकं काय लिहून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की घरात कुणालाही आजीबद्दल विचारलं तरी ‘फार कष्ट काढले हो तिनं’ यापलीकडे कोणी जात नाही. आमच्याकडेही हेच व्हायचं. माझं उत्तर एवढंच आहे की तिचे कष्ट जरूर लिहा, पण त्याआधी तिनं घेतलेले निर्णय लिहा. कष्ट सगळ्यांना दिसतात. निर्णय मात्र माजघरात, चुलीपुढे घेतलेले असतात आणि कालांतरानं ते घरातल्या पुरुषांच्या नावावर जमा होतात.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई. तिला सगळी वाडी ‘बय’ म्हणायची. गुहागर तालुक्यातली आमची कुणब्यांची वाडी, दाभोळच्या खाडीपासून थोडी आत. बय गेली तेव्हा तिनं पंच्याण्णव ओलांडली असावीत. आधार कार्डावर तिच्या पिढीतल्या निम्म्या बायकांसारखी जन्मतारीख एक जानेवारीच होती. खरा हिशेब तिच्याजवळ वेगळाच असायचा. ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा माझा थोरला काका पोटात होता, असं ती सांगायची. ती बोट बुडाली १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येला, मुंबईहून रेवसला जाताना. सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबा तेव्हा परळला गिरणीत होते. ते त्या बोटीत असण्याचं काही कारण नव्हतं, पण खुशालीचं पत्र येईपर्यंत बयच्या घशाखाली पेज उतरली नव्हती. आजीला साल विचारू नका. अशी एखादी घटना धरून विचारा, म्हणजे पुढचं आपोआप निघतं.

आजोबा वर्षातून एकदा, शिमग्याला यायचे. बोटीनं दाभोळपर्यंत, तिथून पडावानं किनाऱ्याला आणि मग होडीनं खाडी ओलांडून चालत. बाकी अकरा महिने घर, चार पोरं, सासू, दोन बैल आणि खंडानं, म्हणजे मालकाला पिकातला वाटा देऊन केलेली शेती बयच्या अंगावर. महिन्याला मनीऑर्डर यायची, तिच्यावर ती अंगठा उठवायची. लोक म्हणतात की कोकण मनीऑर्डरवर जगलं. जगलं, हे खरंच. पण त्या पैशातलं आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या मीठ-मिरचीला किती, पोराच्या पाटीला किती आणि गाठीला किती, हे ठरवणारं माणूस कोण होतं, तेही एकदा लिहिलं गेलं पाहिजे.

जमीन जमीनदाराची होती. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनदारी, १९४९ च्या कायद्यानं गेली तरी कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं लगेच उतरलं नव्हतं. भात झोडून झालं की अर्धलीनं किंवा तिर्धलीनं, म्हणजे पिकाचा अर्धा किंवा तिसरा हिस्सा, खंड मापून द्यायचा, हा रिवाज. त्याची पावती मागायची पद्धत आमच्या वाडीत नव्हती. बयनं ती मागायला सुरुवात केली. ‘पावती द्या, मंग भात मापा,’ असं ती खळ्यात उभी राहून म्हणाली, हे मी तिच्या नाही, तिच्या जावेच्या तोंडून ऐकलं. बयला अक्षरओळख नव्हती. शाळेच्या मास्तरांकडून कागद वाचून घ्यायचा, मग पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. कुठल्या सालची पावती कुठली, हे ती कागदाच्या रंगावरून आणि घडीवरून ओळखायची.

पुढे त्याच पावत्यांनी आम्हाला जमीन दिली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं मालक मानला गेला. पण सातबाऱ्यावर नाव काही आपोआप चढत नव्हतं. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे कूळ कायद्याच्या कलम ३२ ग ची सुनावणी व्हायची, किंमत ठरायची, ती भरली की ३२ म चा, म्हणजे खरेदीचा दाखला मिळायचा. आणि कूळ सुनावणीला आलंच नाही, किंवा ‘मला जमीन घ्यायची नाही’ असा जबाब देऊन बसलं, तर खरेदी निष्प्रभ ठरायची. आता विचार करा, कोकणातला निम्मा कर्ता पुरुष मुंबईत. नोटीस येणार गावच्या घरी, जिथे बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. कित्येक घरांची जमीन अशी केवळ गैरहजेरीत आणि भिडेपोटी हातची गेली आहे.

आमच्या घरी नोटीस आली तेव्हा लावणीचे दिवस होते. पावसाळ्यात बोटी बंद. बयनं मास्तरांकडून आजोबांना तार करवली आणि ते पोचतील की नाही याची वाट न बघता डबा घेऊन स्वतः तालुक्याला चालत निघाली. डोक्यावर इरलं, डबा पोटाशी. जमीनदाराकडून आदल्या रात्री माणूस येऊन गेला होता, ‘वर्षानुवर्षांचा संबंध आहे, कशाला कोर्टकचेरी’ असं समजावून. बयनं त्याला चहा दिला आणि ऐकून घेतलं. बस्स. सकाळी ती निघालीच. आजोबा सुनावणीला पोचले, जबाब त्यांचाच झाला, दाखल्यावर नाव त्यांचंच लागलं. पण पावत्या पुढे ठेवणारे हात बयचे होते. हप्ते तिनं कोंबड्या, काजूच्या बिया आणि मनीऑर्डरीतले गाठीचे पैसे यांतून फेडले.

त्या डब्यावर तिचा किती जीव होता, ते कोयनेच्या भूकंपात सगळ्यांनी पाहिलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. आमच्याकडे कौलं घसरली, भिंतीला भेग पडली. बयनं पोरांना खळ्यात काढलं, सासूला उचलून आणलं, बैलांची दावी सोडली आणि सगळे ओरडत असताना पुन्हा आत गेली. आली ती डबा घेऊन.

गिरणी संपाबद्दल ती फार बोलत नसे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तोपर्यंत आजोबा गेले होते. दोन्ही मुलगे गिरणीत होते, दोघेही हात हलवत परत आले. त्यांना तिनं एका शब्दानं दुखावलं नाही, हे माझे वडील सांगतात. काकाला तिनं परत मुंबईला धाडलं, मिळेल ते काम कर म्हणून. वडिलांना ठेवून घेतलं. १९९० नंतर फळबागेची सरकारी योजना आली तेव्हा वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर काजू लावायचं ठरलं, तेही तिच्याच बोलण्यानं.

मे २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, मुंबईतले चाकरमानी गावाकडे निघाले आणि वाडीत बैठक बसली, की त्यांना घ्यायचं की नाही. भीती खरी होती, कोणाला नावं ठेवायला नकोत. बय काठी टेकत पडवीच्या पायरीपर्यंत आली. ‘घर त्यांचा हाय. मुंबयत पोट भरलानी म्हनून गावात चुली पेटल्या.’ मग तिनंच उपाय सांगितला : गोठा सारवून घ्या, चौदा दिवस तिथं राहतील, जेवण पायरीवर ठेवू. आमच्या घरानं केलं तसं इतरांनी केलं. बैठक उठली.

पण मला तिचा सगळ्यांत अभिमान वाटतो तो आत्यांच्या नावांमुळे. आजोबांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा सातबाऱ्यावर दोन्ही आत्यांची नावं आली. मग भावकीतल्या मोठ्यांनी नेहमीप्रमाणे हक्कसोडपत्र तयार करून आणलं. बहिणींनी सही करायची आणि साडी घेऊन जायचं, असंच चालत आलेलं. आत्या सही करायला तयारही होत्या, माहेर तुटायला नको म्हणून. बय म्हणाली, ‘लावनी पोरींनी केलानी, मंग नाव कोनाचा लावायचा?’ कागद तिनं घडी घालून डब्यात टाकला आणि त्यावर कधीच सही होऊ दिली नाही. नावं अजून तशीच आहेत. धाकटी आत्या दर वर्षी लावणीला येते आणि भात झोडल्यावर तिचा वाटा घरी पोचतो.

तेव्हा आजीजवळ बसाल तेव्हा हे विचारा : पैसे कोणाच्या हातात असायचे? जमिनीचं काय झालं? कुणाला नाही म्हणालीस? घरात कागद कुठे ठेवायचीस? तिला थकवू नका, एका वेळी एकच विचारा. तिच्या जावेला, नणंदेला, शेजारणीलाही विचारा, कारण स्वतःचा मोठेपणा या बायका स्वतः सांगत नाहीत. आणि जुने कागद सापडले तर त्यांचे फोटो काढून ठेवा. कोकणातल्या पावसात कागद फार टिकत नाही.