सॉफ्टवेअरने परस्पर घेतलेले निर्णय

प्रश्न : 200 जणांच्या वजनांचा हिस्टोग्राम (कोणत्या टप्प्यात किती नोंदी, हे दाखवणारा स्तंभालेख) मी आर या सांख्यिकी भाषेत दोन पद्धतींनी आणि पायथन या भाषेत एकदा काढला. तिन्हींचे आकार वेगळे आले. बरोबर कोणता?

उत्तर : तिन्ही. नोंदी त्याच आहेत, वर्गांतर (प्रत्येक टप्प्याची रुंदी) बदललंय. आरचं मूळचं हिस्ट फंक्शन स्टर्जेसचं 1926 सालचं सूत्र वापरतं आणि 200 नोंदींसाठी साधारण 9 वर्ग धरतं. आरमधलंच आलेखांचं पॅकेज जीजीप्लॉट-2 सरसकट 30 वर्ग पाडतं (आणि ‘याहून योग्य आकडा तुम्हीच निवडा’ असा निरोपही देतं, जो कोणी वाचत नाही). पायथनमधलं मॅटप्लॉटलिब 10 वर थांबतं. तुम्ही वर्गांची संख्या देऊ नका, रुंदी द्या : आधी 5 किलो, मग 2 किलो. दोन्हींत टिकणारा उंचवटा विचारात घ्या; फक्त 2 किलोंना उगवणाऱ्यावर निष्कर्ष बांधू नका. वजनं पूर्ण किलोत नोंदलेली असतील तर दीड किलोचे वर्ग टाळा. एका वर्गात दोन आकडे, पुढच्यात एकच, असं होऊन आलेखाला करवतीचे दात फुटतात.

प्रश्न : जीजीप्लॉट-2 मधल्या बॉक्सप्लॉटमध्ये (मधल्या निम्म्या नोंदी पेटीने दाखवणारा आलेख) एकदोन टोकाच्या नोंदींमुळे पेटी चिरडल्यासारखी दिसत होती, म्हणून वायलिम या अक्षाच्या मर्यादेच्या आज्ञेने उभा अक्ष 50 पर्यंत आणला. आता मध्यकच (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बदललाय. बिघडलं कुठे?

उत्तर : या सापळ्यात मीही पडलोय, आणि तेही अहवाल पाठवून झाल्यावर कळलं. तुम्हाला वाटतं आपण भिंग जवळ नेलं. प्रत्यक्षात वायलिम मर्यादेबाहेरच्या नोंदी आधी काढून टाकतं आणि मग उरलेल्यांवर गणित करतं. समजा, नोंदी आहेत 12, 15, 18, 20, 22, 25, 31, 60 आणि 140. मध्यक 22. मर्यादा 50 केली की शेवटच्या दोन गळतात आणि उरलेल्या सातांचा मध्यक होतो 20. चतुर्थकंही (क्रमाने लावलेल्या नोंदींचे चार समान भाग करणारे आकडे) सरकतात. किती ओळी वगळल्या याची सूचना कन्सोलवर येते, पण तेव्हा आपली नजर चित्रावर असते. नुसतं जवळून पाहायचं असेल तर तीच मर्यादा कोऑर्ड-कार्टेशियन या आज्ञेत द्या; तिथे गणित सगळ्या नोंदींवर होतं, फक्त चौकट लहान होते. मॅटप्लॉटलिब किंवा एक्सेलमध्ये अक्षाची मर्यादा बदलली तर नोंदी गळत नाहीत, त्यामुळे तिथून जीजीप्लॉटकडे आलेले लोक हमखास फसतात.

खरं तर अशा डेटासाठी मी अक्ष कापणारच नाही, लॉग प्रमाण (अक्षावरची प्रत्येक खूण आधीच्या ठरावीक पट) घेईन. 140 ही नोंद चूक नसेल तर ती दिसलीच पाहिजे.

प्रश्न : एक्सेलमध्ये चार गटांच्या सरासरींचे स्तंभ काढून ‘स्टँडर्ड एरर’ हा पर्याय निवडला. चारही स्तंभांवरच्या रेषा सारख्याच लांबीच्या कशा?

उत्तर : कारण एक्सेलला तुमच्या मूळ नोंदी माहीतच नाहीत. समोर असलेल्या चार सरासरींमधूनच ते प्रमाणदोष (स्टँडर्ड एरर, म्हणजे सरासरी किती अनिश्चित आहे याचं माप) काढतं आणि सगळ्यांना एकच चिकटवतं. त्या रेषेला काही अर्थ नाही. प्रत्येक गटाचं प्रमाण विचलन (नोंदी किती पसरल्यात याचं माप) भागिले नोंदसंख्येचं वर्गमूळ, हे शेजारच्या रकान्यात स्वतः काढा आणि ‘कस्टम’मध्ये तो रकाना द्या. आलेखाखाली रेषा कशाची आहे तेही लिहा. 25 नोंदींच्या गटात विचलन 10 असेल तर प्रमाणदोष 2, म्हणजे एकाच गटासाठी विचलनापेक्षा पाचपट लहान रेषा. न लिहिणारे बहुधा लहान रेषाच निवडतात, असा माझा अनुभव.

प्रश्न : थ्रीडी पायचार्ट वापरू का?

उत्तर : नको. पुढे कललेली फोड आहे त्यापेक्षा मोठी दिसते.

प्रश्न : स्क्रीनवर छान दिसणारा आलेख लेखात टाकला की अक्षरं मुंगीएवढी होतात. डीपीआय (इंचामागे ठिपके) 600 केला, तरी तेच.

उत्तर : डीपीआय वाढवून कडा रेखीव होतील, अक्षरं मोठी होणार नाहीत. तुम्ही 10 इंच रुंद आलेख काढून साडेतीन इंचांच्या रकान्यात कोंबताय. 11 पॉइंटचं अक्षर त्यात जेमतेम 4 पॉइंटचं उरतं. आलेख आधीपासूनच साडेतीन इंचांचा काढा. जीजीप्लॉटचा आलेख साठवणाऱ्या जीजीसेव्ह या आज्ञेला रुंदी-उंची स्पष्ट सांगा, नाहीतर ते आलेखाच्या खिडकीचा त्या क्षणीचा आकार उचलतं. मग गर्दी वाटेल. तेव्हा अक्षरं बारीक करू नका, अक्षावरच्या खुणा निम्म्या करा आणि शक्य असेल तर पीडीएफ पाठवा.